अहवाल कोणाचा?

पनवेलच्या एका रुग्णालयाच्या खिडकीशी मी सलग चार दिवस उभा राहिलो आहे. मावशीच्या मानेवरील गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. सांगितलेल्या तारखेस गेलो तर ‘डॉक्टर आले नाहीत’, दुसऱ्या दिवशी ‘सही व्हायची आहे’, तिसऱ्या दिवशी ‘मूळ पावती आणा’. चौथ्या दिवशी कळले, की अहवाल पहिल्याच दिवसापासून खणात पडून होता. बाकावर बसलेली मावशी रोज विचारी, “माझंच आहे ना ते? मग मला का देत नाहीत?” तिच्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे.

याच पनवेलमध्ये १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू झाला. त्या काळच्या वैद्याच्या ओसरीवर तपासणी आणि निष्कर्ष यांत अंतर नसे. नाडीवर बोटे ठेवून जे सांगायचे ते समोरच्या रोग्यालाच. निदान चुकतही असेल. पण ते कुलपात राहत नसे.

सूक्ष्मदर्शकाने हे बदलले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो रोग्यांची लक्षणे पाहून. पण तेवढ्याने सरकारचे समाधान झाले नाही. कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावण्यात आले. ते ऑक्टोबरात मुंबईत दाखल झाले. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडलेला असल्याने आता प्रयोगशाळेचा पुरावा मागता येत होता. यात विज्ञानाचा मोठा लाभ झाला, हे निःसंशय. मात्र निदानाची दिशाही बदलली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला तपासणीचे आणि विलगीकरणाचे अधिकार दिले. निष्कर्ष आधी अधिकाऱ्यास कळे; रोग्याला तो कळे तो घर सोडण्याच्या हुकुमातून. ‘रिपोर्ट’ म्हणजे वरिष्ठास सादर करावयाचा कागद, ही समजूत कचेऱ्यांतून रुग्णालयांत मुरली, असे मला वाटते.

विलंब सगळाच अन्यायाचा नसतो. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो, मेणात बसवावा लागतो, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचपट्टीवर रंगवावे लागतात, आणि मग तज्ज्ञ ते पाहतो. तेथे घाई करणे म्हणजे चुकीला आमंत्रण. तो काळ शास्त्राचा. त्यानंतर खणात गेलेला काळ मात्र निव्वळ बेपर्वाईचा. पेशीला पावती आणि सही कळत नाही. ती वाढायची तर वाढतच राहते.

रोग्याचा हक्क कागदावर यायला शतक लागले. १९९६ साली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलसंबंधीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की रोग्याने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केसपेपरच्या प्रती दिल्या पाहिजेत. गोपनीयतेची सबब चालणार नाही. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मुदत घातली: मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांत कागद द्यावेत. नियम झाला, पण खिडकीवर तो कुठे लावलेला मी पाहिला नाही.

मावशीचा अहवाल इंग्रजीत होता. तिने तो हातात धरला, पहिल्या ओळीतले स्वतःचे नाव बोटाने शोधले आणि मला म्हणाली, “आता पुढचं वाच.” मी वाचले. त्यात कर्करोगाचा शब्द होता.

खारघरला टाटा रुग्णालयाच्या केंद्रात दाखवायला गेलो, तेव्हा मूळ काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागण्यात आला. पुन्हा तीच खिडकी. या वेळी मी लेखी अर्ज नेला, ७२ तासांचा नियम त्यात लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. दुसऱ्या दिवशी डबी हातात आली. परतताना मावशीने ती मांडीवर ठेवली. मी मागितली तरी दिली नाही.