वेग, विद्युतदाब आणि उष्णता : संगणकाच्या घाईची कहाणी



काटकसर करून घरात संगणक आणावा आणि महिन्याभरातच मुलाने सांगावे, "याच्या प्रोसेसरवर जो वेग छापला आहे त्याहून जास्त वेगाने तो चालवता येतो, आणि त्याला पैसाही लागत नाही," असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. या खटाटोपाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मुलाचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर या विद्येचा चाळीस वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घालणे बरे. त्याचे सार आधीच सांगून ठेवतो : उष्णता इशारा देते, विद्युतदाब देत नाही.

प्रोसेसरची सारी कामे एका तालावर चालतात. हा ताल क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवरून ठरतो. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यातील स्फटिकाची कंपने सेकंदाला सुमारे १ कोटी ४३ लाख होती. त्यांना तीनने भागून इंटेलच्या ८०८८ प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झचा ताल मिळे. १९८४ साली त्याच कंपनीचा 'एटी' हा संगणक आला. त्यात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या तालावर चाले. हा स्फटिक सहज काढता येत असे. चौकस लोकांनी तो काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि संगणक ८ मेगाहर्ट्झवर धावू लागला. पुढे कंपनीने यंत्र सुरू होताना वेग तपासणारी व्यवस्थाच आत घातली आणि वाढीव वेगाची वाट अडवली. उत्पादक आणि ग्राहक यांच्यातील या रस्सीखेचीचा आरंभ तेथे झाला.

आता आपण विचाराल, छापलेल्या वेगाहून अधिक वेग यंत्रात येतो कोठून? कोकणातल्या आंब्यांच्या प्रतवारीसारखाच हा प्रकार आहे. एकाच बागेतले आंबे सारखे नसतात, तशाच एकाच चकतीवर तयार झालेल्या चिपा सारख्या नसतात. त्यांची चाचणी होते आणि प्रत ठरते. परंतु बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली की मोठे आंबेही लहान आंब्यांच्या पेटीत जातात. शिवाय उन्हाळा, धूळ, कमी प्रतीचा पंखा असे सारे गृहीत धरून उत्पादक थोडा राखीव भाग ठेवतो. छापलेला वेग ही क्षमतेची सीमा नव्हे, ती उत्पादकाने दिलेली हमी होय. आपण वेग वाढवतो तेव्हा त्या हमीबाहेर पाऊल टाकतो, एवढे पक्के ध्यानात घ्यावे.

१९९३ साली पेंटियम प्रोसेसर आला. त्याच्या निर्मितीत पुण्यात जन्मलेले अभियंता विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. त्या दशकात काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या चिपांवर जास्त वेगाचा आकडा छापून विकू लागले. ग्राहकाला वाटे आपण वेगवान माल घेतला, प्रत्यक्षात तो न सांगता वेग वाढवलेला माल असे. अशा फसवणुकीला आळा बसावा म्हणून इंटेलने तालाला गुणणारा आकडाच कुलूपबंद केला.

तरीही या कहाणीतला सर्वांत गाजलेला प्रसंग त्यानंतरच घडला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा मूळ ताल ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणजे वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणकाला कुलूप होते, पण मूळ ताल मदरबोर्डवरून बदलता येई. तो १०० केला की वेग एकदम ४५० होई, आणि पुष्कळ चिपा तो आनंदाने पेलत. १४९ डॉलरच्या या प्रोसेसरने ६६९ डॉलरच्या पेंटियम-२ शी बरोबरी केली. पुढे २००० साली एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवरील तुटक ठिपके साध्या शिसपेन्सिलीने जोडून गुणकाचे कुलूप उघडण्याची युक्ती निघाली. पेन्सिलीतील ग्रॅफाइट वीज वाहून नेते, हे शाळेतले ज्ञान असे कामी आले!

येथवर सारे गोड होते. यापुढे हिशेब सुरू होतो.

वेग वाढवता वाढवता चिप अडखळू लागली की तिला थोडा अधिक विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, द्यावा लागतो. विज्ञानाचा नियम असा की प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विद्यार्थ्यांनी कागद घेऊन हे गणित करून पाहावे. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के वाढवला, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे सुमारे १.४५. याचा अर्थ वीस टक्के नव्हे, तर पंचेचाळीस टक्के जास्त वीज! ६५ वॅटचा प्रोसेसर ९४ वॅट खाऊ लागतो, आणि ती सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

उष्णतेचा धडा २००१ साली जगाने पाहिला. एका परीक्षणात चालू प्रोसेसरवरील उष्णताशोषक मुद्दाम काढण्यात आला. पेंटियम-४ ने आपणहून वेग कमी करून स्वतःला वाचवले, तर त्या वेळचा ॲथलॉन क्षणार्धात जळाला. त्यानंतर तापमानावर लक्ष ठेवणारी व्यवस्था सर्वत्र रूढ झाली. आजचा प्रोसेसर साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आपोआप मंदावतो आणि तरीही ताप वाढला तर बंद पडतो.

विद्युतदाबाचा धडा मात्र निराळा आहे. २००२ च्या सुमारास नॉर्थवुड नावाच्या पेंटियम-४ ला हौशी मंडळी नेमून दिलेल्या १.५ व्होल्टऐवजी १.७ व्होल्टहून अधिक दाब देऊ लागली. थंड करण्याची व्यवस्था उत्तम होती, तापमानही ठीक होते. तरी काही आठवड्यांत वा महिन्यांत चिपा एकाएकी निकामी झाल्या. पाण्याच्या लोंढ्याने शेताचा बांध कणाकणाने झिजावा, तसे विजेच्या प्रवाहाने चिपमधील सूक्ष्म तारांतले धातूचे अणू सरकत जातात आणि शेवटी तार तुटते. उष्णतेने हे झिजणे अधिक वेगाने होते. बाहेरून काहीही दिसत नाही, हीच यातली खरी धोक्याची बाब.

थोरामोठ्यांनाही घाई भोवली आहे. २००० च्या जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ जाहीर केला. परीक्षकांना आढळले की मोठे काम दिले की तो चुकतो. महिन्याभरातच कंपनीला तो परत घ्यावा लागला. ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेत उष्णतेच्या प्रश्नामुळे अडखळला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सोडून देण्यात आला. २०२३ साली एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरांचे जळणे गाजले, तेव्हा मदरबोर्डांवरील एका विद्युतदाबाला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. गरजेहून अधिक दाब मागितला जात असल्याचे कंपनीने मान्य केले, सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. जाणत्या कंपन्यांची ही गत, तर आपण किती जपले पाहिजे!

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, प्रयोग करावयाचाच असेल तर शिस्तीने करा. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा, कारण अस्थिर संगणक गुपचूप चुकीची माहिती लिहू शकतो. मूळ वेग, दाब आणि तापमान वहीत नोंदवा. मदरबोर्डचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग १०० मेगाहर्ट्झने वाढवा, जड गणिती चाचणी काही तास चालवा आणि मगच पुढचे पाऊल टाका. दाब वाढवावाच लागला तर एक-दोन शतांश व्होल्टने वाढवा आणि उत्पादकाने सांगितलेली मर्यादा कधीही ओलांडू नका. दाब 'ऑटो'वर सोडू नका, कारण तेव्हा किती दाब दिला जातो ते आपल्या हाती राहत नाही. पूर्ण भारावर तापमान ८० ते ८५ अंशांच्या आत राखा.

येथे आपल्या हवेचाही विचार हवा. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २० अंश असताना ७५ अंशांवर स्थिर राहणारा प्रोसेसर, खोली ४० अंशांवर गेली की ९५ च्या घरात जाईल. डिसेंबरात पार पडलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा घेतली पाहिजे.

पालकहो, आपण मुलाला दोनच प्रश्न विचारा : "नोंदवही कोठे आहे? आणि हमी गेली तर नुकसान कोण सोसणार?" पहिल्याचे उत्तर त्याच्याजवळ असेल, तर त्याला आडकाठी करू नका. वीज, उष्णता आणि धातू यांचे इतके प्रत्यक्ष शिक्षण क्वचितच मिळते. मात्र त्याला हेही सांगा की २००८ पासून प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवू लागले आणि राखीव भागाचा बराचसा उपयोग कारखान्यातच होऊन जातो. त्यामुळे हाताने मिळणारी वाढ आता थोडी असते. उलट तोच वेग कमी दाबात चालवून यंत्र थंड ठेवणे, हे आज अधिक फायद्याचे कसब आहे. त्यात चूक झाली तर संगणक बंद पडतो, दाब पूर्ववत करता येतो, चिप मात्र शाबूत राहते. ज्याला हात साधायचा आहे, त्याने आरंभ तेथून करावा.