नाणेघाटातला टोलनाका

नाणेघाटाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ट्रेकच्या लीडरकडून कळलेली असते. घाटाच्या माथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कल्याणहून माल घेऊन वर येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे. म्हणून हा नाणेघाट, आणि हा भारतातला पहिला टोलनाका. गोष्ट छान आहे, लक्षात राहते, एका फोटोत मावते. फक्त तिला पुरावा काय, हे कुणी विचारत नाही. या वेळी माझ्या मित्राने विचारलं, आणि दिवसभर आम्ही तेवढ्यावरच भांडत होतो :-)

आधी रस्त्याबद्दल. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून डावीकडे जुन्नर. इथपर्यंत सगळं नेहमीचंच, म्हणजे ट्रक, डिव्हायडर आणि मिसळ. खरी मजा जुन्नर सोडल्यावर. आपटाळ्याकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, माणिकडोह धरणाचं पाणी मधूनमधून साथ देतं, डोक्यावर चावंड किल्ला येतो आणि घाटघरपर्यंत समोरून येणारी गाडी दिसली तर आपणच हात करतो इतकी सामसूम. आम्ही गेलो तेव्हा हिवाळा होता. पावसाळ्यात इथे 'उलटा धबधबा' बघायला जत्रा असते, वाऱ्याने पाणी दरीतून वर फेकलं जातं ते बघायला. हिवाळ्यात मात्र शेवटचे दहा किलोमीटर आम्ही दोघं, एक बाईक आणि शेजारी जीवधनचा उभा कडा.

घाटघर संपल्यावर सपाटी एकदम तुटते. खाली कोकण. कड्यातल्या खाचेतून दगडी पायऱ्यांची वाट उतरते ती थेट वैशाखऱ्यापर्यंत. रांजण वर, खाचेच्या तोंडाशी. आणि थोडं खाली उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरं कोरलेली गुहा.

मित्र पेमेंट सिस्टिमवर काम करतो. रांजणाभोवती एक चक्कर मारून त्याचा पहिला प्रश्न, "अरे, उघड्यावर ठेवलेल्या रांजणात कॅश कोण ठेवेल? रात्री काय करायचे? आणि तळातली नाणी काढायची कशी?" मी म्हटलं, रखवालदार असणारच की. तो म्हणाला, रखवालदार ठेवायचाच असेल तर पेटी काय वाईट? मग आजूबाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी दाखवून म्हणाला, "घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला आधी काय लागतं, ते सांग."

मुद्दा बिनतोड होता. रांजण पाण्याचा होता असं मी म्हणत नाही, त्यालाही पुरावा नाही. पण रांजणावर किंवा गुहेत जकातीबद्दल एक ओळही नाही, हे खरं. आणि नावाचं म्हणाल तर इथल्याच एका सुळक्याला नानाचा अंगठा म्हणतात. म्हणजे नाव नाण्यावरून आलं की कुण्या नानावरून, इथूनच वाद. त्यात 'नाणं' हा शब्द संस्कृत 'नाणक'वरून आला, आणि तो कुषाणांच्या नाण्यांवरच्या नना देवीशी जोडलेला आहे असं बरेच अभ्यासक मानतात. ते बरोबर असेल तर हा शब्द गुहेतल्या लेखापेक्षा नंतरचा. लेखात पैशासाठी शब्द आहे तो कार्षापण.

मग लेखात आहे तरी काय? तर मंडळी, इथे गोष्ट टोलनाक्यापेक्षा कितीतरी मोठी होते.

हा लेख नागनिकेचा मानला जातो. ती सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी. काळ साधारण इसवी सनपूर्व पहिले शतक, काही जण त्याही आधी नेतात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, एकूण वीस ओळी, दोन भिंतींवर दहा-दहा. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन. पुढे महिनाभराचे उपवास करणारी, व्रतस्थ राहणारी राणी. आणि मग यादी. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, आणि प्रत्येकाच्या दक्षिणेचा हिशोब. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. दुसरीकडे ११,००० गाई. एका जागी २४,४०० कार्षापण दक्षिणा.

आकडा दिसला की आमच्यातला इंजिनियर जागा होतो. चांदीचा कार्षापण साधारण ३.४ ग्रॅमचा धरला तर २४,४०० म्हणजे ८३ किलो चांदी. एका यज्ञाची दक्षिणा, रोख. आणि मागच्या भिंतीवर नुसत्या आकड्यांचीच नाही, माणसांचीही यादी होती. आठ पुतळे, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. आज पुतळे नाहीत. पायांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी शिल्लक.

हे आकडे वाचायला सोपे नव्हते. विल्यम साइक्सला १८२८ मध्ये हा लेख दिसला, जेम्स प्रिन्सेपने १८३०च्या दशकात त्यावर काम केलं, पण आकड्यांचा नीट उलगडा केला तो पंडित भगवानलाल इंद्रजींनी, १८७६ च्या सुमारास. पुढे १८८३ मध्ये ब्यूलरने पूर्ण वाचन छापलं. गंमत म्हणजे इथे शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभरला वेगळं, हजाराला वेगळं. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवलं की चार हजार. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनांपैकी हे एक. आपण रोज जे आकडे टाईप करतो त्यातल्या काहींचे पणजोबा या भिंतीवर आहेत.

आता खरा प्रश्न. राणीने हा हिशोब राजधानीत न कोरता एका आडवाटेच्या खिंडीत का कोरला? उत्तर असं की ती आडवाट नव्हतीच. कोकणातून देशावर येणाऱ्या मालाचा हा हमरस्ता होता. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुण्या ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये जुन्नर सोडून ही नावं येतात. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड निघायचं. इथून दिवसाला किती माणसं आणि जनावरं चढत असतील कुणास ठाऊक, पण ज्याला आपलं नाव जास्तीत जास्त लोकांनी बघावंसं वाटतं तो होर्डिंग गर्दीच्या चौकातच लावतो.

जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी खोदली गेली ती उगाच नाही. तिथल्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी भेटतात. यवन दातेही भेटतात, पैकी एकाने पाण्याची दोन टाकी दान दिली आहेत. म्हणजे एका दूरच्या माणसाला जुन्नरला पाणी कमी पडू नये असं वाटलं! हे वाचलं की माझ्यासाठी 'व्यापारी मार्ग' या शब्दाला चेहरा येतो.

आणि या वाटेवरून मारामारीही झाली. पेरिप्लस सांगतो की कल्याण बंदरात जाणारी ग्रीक जहाजं अडवून पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे बंदराचा ट्रॅफिक जबरदस्तीने दुसऱ्या सर्व्हरकडे वळवला. क्षहरात क्षत्रप नहपान याच्या अमात्याचा लेख थेट जुन्नरला आहे, म्हणजे घाटाचा माथाच सातवाहनांच्या हातून गेला होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने तो परत मिळवला. त्याची पावती १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली, नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. जुनं चलन बाद न करता त्यावरच नवा राजा.

परतताना मित्र म्हणाला, "मग टोल घेत होते की नाही?" माझं मत असं की घेतच असणार. इतका माल, इतकी चढाओढ आणि इतकी दक्षिणा, पैसा कुठून तरी येतच होता. पण ते आपलं अनुमान, रांजणाचा पुरावा नव्हे. तो म्हणाला, फरक काय पडतो, गोष्ट तीच ना? मला वाटतं फरक पडतो. रांजणाची गोष्ट ऐकली की माणसं रांजणात डोकावतात, फोटो काढतात आणि निघतात. खाली गुहेत एका बाईने स्वतःच्या घराण्याचा हिशोब वीस ओळींत लिहून ठेवलाय, तिथे कुणी थांबत नाही. किंवा थांबतं ते आपलं नाव खरवडायला. दगड झिजतोय, काही ओळींतली अक्षरं केव्हाच गेली आहेत, आणि जी गेली ती परत कुठल्याही बॅकअपमधून येणार नाहीत.

तेव्हा गेलात तर एवढंच करा. उन्हं तिरपी असताना जा, अक्षरं तेव्हा उठून दिसतात. भिंतीला हात लावू नका, पाणी मारू नका, खडू तर नाहीच नाही. आकड्यांची चिन्हं आधी बघून जा आणि शोधा. आणि रांजणापाशी कुणी ती टोलनाक्याची गोष्ट सांगत असेल तर वाद घालू नका, फक्त म्हणा, "खाली गुहा आहे, ती पाहिलीत का?"