शाळा आणि सावली

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ साली चंडीगडचा आराखडा आखताना सुमारे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद अशा सेक्टरांमधून हिरवे पट्टे नेले आणि शाळांना जागा त्यांतच योजिली. मुलांनी झाडांखालून चालत यावे, मोकळ्या हवेत खेळावे, हा हेतू. दुसऱ्या टप्प्यातील सेक्टर ४३ चीही चौकट हीच. पण मे महिन्यात लू वाहू लागली, पारा चाळिशीपार गेला, की मुलांना वर्गात कोंडावे काय? तापलेल्या छताखालची खोली म्हणजे काही सावली नव्हे! विदर्भाने हा पेच घड्याळाने सोडविला आहे. उन्हाळ्यात तेथे सकाळची शाळा भरते. आणि जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रात घंटा वाजली, तरी तेथील मुलांना आणखी काही दिवस सुटीच असते.