कर्णजन्माचे रहस्य : आधीचे की मागाहूनचे?

हप्त्याहप्त्याने चालणाऱ्या कथेत नायकाचा खरा पिता कोण हे पुष्कळ काळाने उघडकीस आले, म्हणजे श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. कथाकाराने हे आरंभापासून योजिले होते, की कथा रंगात आल्यावर त्यास ते सुचले? मुलांच्या चित्रमालिकांतील अतिमानवी वीरांविषयी असा वाद घरोघर चालतो, आणि तो पोरकट म्हणून सोडून देण्याजोगा खास नाही. 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटमालेतील १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटात खलनायक हाच नायकाचा पिता ठरतो. परंतु ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ साली त्याचा जो पहिला खर्डा लिहिला, त्यात नायकाचा पिता निराळा असून त्याचा आत्मा पुत्रास भेटतो. खर्डा हाती असल्यामुळे तेथे वादाचा निकाल लागला.

आपल्याकडे या जातीचे सर्वांत मोठे रहस्य म्हणजे कर्णाचा जन्म होय. मेहकरासारख्या वऱ्हाडी गावात श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'ची पोथी ऐकत जे वाढले, त्यांस कर्ण कुंतीचा पुत्र हे अक्षरओळखीच्या आधी ठाऊक असते. म्हणूनच त्याविषयी प्रश्न करण्याचे कोणास सुचत नाही. पण प्रश्न आहे, आणि तो केवळ विद्वानांच्या करमणुकीचा नव्हे. कर्णाचे कुंतीपुत्रत्व मागाहून जोडलेले असेल, तर मूळ कथेत एका सारथ्याचा मुलगा स्वतःच्या बळावर अर्जुनाच्या तोडीस उतरला होता, आणि ते न साहून पुढील कवींनी त्यास राजकन्येच्या पोटी व सूर्याच्या अंशाने जन्मास घातले, असे म्हणावे लागेल. मग हे रहस्य म्हणजे सूतपुत्राचे कर्तृत्व हिरावून कुलाच्या पदरी टाकण्याची युक्तीच ठरेल. ज्या समाजात जन्मावरून माणसाची किंमत आजही केली जाते, त्यात या प्रश्नाचे उत्तर कसेही आले तरी चालेल, असे आम्हांस वाटत नाही.

व्यासांचा खर्डा कोणापाशी नाही. परंतु त्याच्या जवळपास जाण्याचे एक साधन महाराष्ट्रानेच निर्माण केले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रधान संपादक होते, आणि १९६६ साली ते कार्य पूर्ण झाले. निरनिराळ्या प्रांतांतील व लिप्यांतील १२५९ हस्तलिखिते त्यासाठी उपयोगात आली. जो भाग थोड्याच पोथ्यांत आढळला तो संपादकांनी मूळ संहितेतून काढून टीपांत व परिशिष्टांत ठेविला. ही चाळण फार बारीक आहे. स्वयंवरात 'मी सूतास वरणार नाही' असे सांगून द्रौपदी कर्णास परतविते, हा कीर्तनांतून आणि चित्रवाणीवरून सर्वतोमुखी झालेला प्रसंग तिच्यातून खाली पडला. कर्णाचे जन्मरहस्य मात्र खाली पडले नाही.

आता ही आवृत्ती आपल्याला उपलब्ध पोथ्यांच्या समाईक पूर्वजापर्यंतच नेते. त्याच्याही आधी सूतमागध जी कथा गात असतील तेथवर नेत नाही. तेव्हा पोथ्यांची साक्ष संपल्यावर काव्याच्या अंतरंगाची साक्ष घेतली पाहिजे.

रहस्य मागाहूनचे आहे असे म्हणणाऱ्यास दोन मुद्दे मांडता येतील. पहिला असा की, कर्णजन्माची सविस्तर हकीकत वनपर्वात, कवचकुंडले हरण करण्याच्या प्रसंगी येते. तोपर्यंत अर्धे वैर घडून गेलेले असते. दुसरा याहून मार्मिक आहे. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर नारदास सांगतो की, द्यूतसभेत कर्णाचे कठोर शब्द ऐकून संताप आला असता त्याच्या पायांकडे दृष्टी जाताच आपला राग निवाला, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसत होते. सभापर्वातील द्यूताच्या वर्णनात मात्र या पायांचा उल्लेख नाही. मागील पर्वात न पेरलेले बी पुढील पर्वात उगवलेले दिसावे, असाच हा प्रकार आहे.

पहिला मुद्दा आम्हांस फारसा बळकट वाटत नाही. मेहकरची शार्ङ्गधराची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून बाहेर आली, म्हणून ती १८८८ साली घडविली असे कोणी म्हणत नाही. उघड होण्याचा काळ निराळा व असण्याचा काळ निराळा. शिवाय आदिपर्वात कर्ण रंगभूमीवर पाऊल टाकण्यापूर्वीच वैशंपायन त्याचा जन्म थोडक्यात सांगून टाकतो, आणि रंगभूमीवर कर्ण व अर्जुन समोरासमोर उभे राहताच कुंती मूर्च्छित पडते. म्हणजे रहस्य श्रोत्यांपासून लपविलेलेच नाही. ते पात्रांपासून लपविले आहे. दुसऱ्या मुद्द्याविषयी इतकेच म्हणता येईल की, तो दोन्ही बाजूंस लागू पडतो. एखादी गोष्ट कळल्यावर तिच्या खुणा भूतकाळात सापडू लागतात, हा मनुष्यस्वभाव आहे. भाऊ मारला गेल्यावर त्याचे पाय आठवणारा युधिष्ठिर कवीचा विसराळूपणा दाखवितो, की कवीचे मनुष्यज्ञान, हे त्या एका श्लोकावरून ठरणार नाही.

निर्णयास आमच्या मते एक साधी कसोटी पुरे आहे. जो भाग संशयित वाटतो तो कथेतून काढून पाहावा, आणि मग काय कोसळते ते बघावे. द्रौपदीचा नकार काढला तर कथेचा एकही वासा हलत नाही. कर्णाचे कुंतीपुत्रत्व काढून पाहा. उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवाद नाहीसा होतो. अर्जुनावाचून इतर चौघांस मारणार नाही, हे त्याने कुंतीस दिलेले वचन जाते. शरशय्येवरील भीष्माने कर्णास पाहून बोललेले शब्द निरर्थक होतात. स्त्रीपर्वाच्या अखेरीस, मृतांस उदक देण्याच्या वेळी, कुंतीने केलेला उच्चार जातो. आणि युधिष्ठिराच्या ज्या शोकाचे निरसन करण्यासाठी भीष्माचा एवढा विस्तृत उपदेश उभारला आहे, त्या शोकातील सर्वांत खोल शल्यच निघून जाते. जे काढले असता घर पडते ते घरावरील तोरण नव्हे. सूतांच्या आद्य गीतांत काहीही असो, आपल्या हाती आलेले महाभारत या रहस्यावर उभारलेले आहे, मागाहून त्याने शृंगारलेले नाही.

मग सूतपुत्राचे कर्तृत्व हिरावल्याचा आरोप उरतो काय? याचे उत्तर कर्णाच्याच मुखी आहे. कृष्ण त्यास ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो, तेव्हा आपल्या जन्माची गोष्ट आपणास ठाऊक असल्याचे तो सांगतो. आणि तरीही राधेला आपल्यासाठी फुटलेला पान्हा, अधिरथाने केलेले संस्कार, सूतकुलातील स्त्रिया व त्यांच्यापासून झालेले पुत्रपौत्र यांचा उच्चार करून ते राज्य नाकारतो. इतकेच नव्हे, तर युद्धापूर्वी ही गोष्ट युधिष्ठिरास कळू देऊ नये असे तो कृष्णास विनवितो. कवीस केवळ क्षत्रियत्वाचे समर्थन करावयाचे असते, तर रहस्य कळताच कर्णाने पांडवांकडे जावयास हवे होते. तो जात नाही. ज्याला आपले कुल ठाऊक नाही त्याने सूत म्हणून राहणे ही लाचारी असू शकते. ज्याला ते ठाऊक झाले आणि सिंहासन समोर मांडले गेले, त्याने राधेय म्हणून राहणे ही निवड आहे. ही निवड दाखविण्यासाठी कवीस ते रहस्य आधीपासून हवेच होते.