रिकामे आसन

‘खुर्ची’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि येथे येऊन सत्तेचा पर्याय झाला. चीनमध्येही खुर्ची बाहेरचीच. हान काळातला चिनी माणूस चटईवर बसे. घडीचे आसन वायव्येकडील लोकांकडून आले, पाठीची खुर्ची रुजण्यात बौद्ध विहारांचा मोठा वाटा होता. सोंग काळात (९६०–१२७९) ती घरोघरी पोचली. मिंग काळात (१३६८–१६४४) मात्र तिने असे रूप धारण केले की परकेपणाची खूणही उरली नाही: खिळ्यांवाचून, खाचेत खुंटी बसवून जोडलेले सडपातळ लाकूड आणि हातापासून पाठीपर्यंत एका ओघात वळणारी रेषा.

नानजिंगला १९६३ साली जन्मलेले मुद्राचित्रकार छन छी यांनी आपल्या मिंग फर्निचर-मालिकेत नेमकी हीच रेषा पकडली. लाकडी ठसे, पाण्यात कालवलेली शाई, करड्या छटांचे थरावर थर. कोऱ्या अवकाशात एखादे आसन. बसणारा कोणीच नाही. पुढे ते अमूर्ताकडे वळले, पण आमच्या मते ती वाट या रिकामेपणातच सुरू झाली होती.

हे धाडस लहान नव्हे. लू शून यांनी १९३१ साली शांघायमध्ये काष्ठठशांचा वर्ग भरवला, तेव्हापासून चिनी छापचित्र म्हणजे माणसांची गर्दी, भूक, उठाव. त्या चित्रांचा प्रभाव घेऊन चित्तप्रसाद १९४६ नंतर मुंबईत, अंधेरीला राहून लिनोवर माणसेच कोरत राहिले. अशा परंपरेत माणूसच वगळायचा! हा पळ आहे काय, असे विद्यार्थी विचारतील. आम्हांला तसे वाटत नाही. झिजलेल्या हातावरून बसणारा कळतोच.

आपल्याकडे शिळाछाप आला तो देवांना घेऊन. पुण्याच्या चित्रशाळेने (१८७८) रामपंचायतन घरोघरी नेले. रविवर्मा यांच्या छापखान्याने (१८९४) लक्ष्मीला कमळावर उभे केले, सरस्वतीला खडकावर बसवले. सिंहासन, कमळ, खडक. पाट आणि चौरंग यांना मात्र त्या भिंतीवरच्या चित्रांत फारसे स्थान मिळाले नाही. ते खाली, जमिनीवर, प्रत्यक्ष वापरात राहिले, म्हणून बहुधा कोणाला त्यांचे चित्र करावेसे वाटले नसावे. चार बुटके पाय आणि एक सपाट फळी: याहून अमूर्त आकार तो कोणता?

फुलचूरला आता मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात आणि पाट देव्हाऱ्यापुरता उरला आहे. तरी गणपतीचे विसर्जन झाले की रिकामा पाट घरी आणतात, त्यावर पाण्याकाठची चिमूटभर माती असते. तो लगेच कोणी उचलून ठेवत नाही.