पत्त्याचा आकडा आणि संदेशाची वाट

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. मध्ये नदी असली तरी नगरपरिषद दोघांची एकच, आणि टपालाचा आकडाही एकच : ४०२१०९. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाकिटावर शेकडो वेळा लिहिला असेल. उलगडून मात्र क्वचितच कोणी पाहिला असेल. आज तो उलगडावयाचा आहे. कारण जगभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्यात संदेश आपली वाट कशी काढतो, हे कोडे या सहा आकड्यांनी बरेचसे सुटते.

हा आकडा नव्हता तेव्हा काय होत असे? टपालाच्या डब्यात उभा राहून पत्रे खणांत टाकणारा सॉर्टर हाच चालताबोलता नकाशा. हजारो गावे त्याला तोंडपाठ ठेवावी लागत. पण गौहत्तीच्या सॉर्टरपुढे कोणा आजोबांच्या गिचमिड अक्षरातले ‘अष्टमी’ आले, तर त्या बिचाऱ्याने गाव शोधावे की पंचांग? एका नावाची गावे अनेक, लिप्या अनेक, आणि इंग्रजी स्पेलिंग तर ज्याचे त्याचे. शिवाय स्मरणात मोठी गावे आधी राहतात. लहान गावांची आठवण मागाहून होते. पत्र वेळेवर मिळण्याचा हक्क असा गावाच्या प्रसिद्धीवर अवलंबून राहत असे.

केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अतिरिक्त सचिव श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर तोड काढली, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. वेलणकर हे संस्कृतातले कवी आणि नाटककार. १९९९ साली ते वारले. शब्दांवर जन्मभर प्रेम करणाऱ्या माणसाने गावांना आकडे द्यावेत, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता आपला आकडा पाहा. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या विभागाचा. देशाचे असे आठ विभाग, आणि नववा सैन्याच्या टपालाचा. दुसऱ्या आकड्याने उपविभाग कळतो, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटच्या तीन आकड्यांनी नेमके टपाल कार्यालय. हा ‘जिल्हा’ मात्र कलेक्टरचा नव्हे. १९७२ साली कुलाबा म्हणून ओळखला जाणारा आणि १९८१ पासून रायगड झालेला आपला जिल्हा घ्या. पेण ४०२१०७, पण पनवेल ४१०२०६ आणि उरण ४००७०२! शेजारची रत्नागिरी साताऱ्याबरोबर ४१५ मध्ये, तर दूरचे गोवे ४०३ घेऊन मुंबईच्या पंगतीला. महसुलाची सीमा एक सांगते, पत्र वाटण्याची सोय दुसरे सांगते. वेलणकरांची मांडणी सोयीचे ऐकते.

यातले मर्म असे की, गौहत्तीच्या माणसाला अष्टमी ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. त्याने पहिले एकदोन आकडे वाचून थैला पश्चिमेकडे लावावा. पुढचे पुढचा वाचील. (अशा वेळी मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण हटकून दिले जाते. मी ते देत नाही. डब्याची वाट रोजची ठरलेली असते. पत्र कोणाकडून कोणाकडे जाईल याचा नेम नसतो.)

संगणकांच्या जाळ्याचा विचार याच सुमारास परदेशात चालू होता. अणुयुद्धाच्या सावटाखाली अमेरिकेत पॉल बॅरन यांना प्रश्न पडला की, मध्यवर्ती केंद्रच नष्ट झाले तर काय? १९६४ साली त्यांनी आपले विवेचन प्रसिद्ध केले : केंद्र नकोच, संदेशाचे तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि प्रत्येक ठाण्याने तो तुकडा मोकळ्या दिसेल त्या वाटेने पुढे ढकलावा. इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे तेथेच पोचले. तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव त्यांचे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अशा जाळ्यातून पहिला संदेश गेला. प्रत्यक्ष कसोटी आपणही पाहिली आहे. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील तारा तुटल्या. भारतातले इंटरनेट मंदावले, पण बंद पडले नाही. घाट बंद झाला की एस.टी. दुसऱ्या घाटाने जाते, तशी पॅकेटे पूर्वेकडच्या तारांनी वळविण्यात आली.

पण जाळे वाढले, तसे त्यालाही जुन्या सॉर्टरचे दुखणे जडले. वाट दाखविणाऱ्या यंत्रांना, म्हणजे राउटरांना, प्रत्येक लहानमोठ्या जाळ्याची वेगळी नोंद ठेवावी लागे. १९९० नंतर या याद्या इतक्या फुगल्या की यंत्रांची स्मृती अपुरी पडण्याची चिन्हे दिसू लागली. १९९३ साली उपाय झाला तो आपल्या ओळखीचाच : पत्त्याच्या आरंभीचे आकडे समान असतील त्या अनेक जाळ्यांची दुरून एकच नोंद ठेवावी, बारकावे जवळच्याने पाहावेत.

तरीही केवळ पत्ता बरोबर असून भागत नाही, वाटही जवळची लागते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. पुढे कंपन्या अनेक झाल्या. पण त्यांच्या तारांची आपसातली गाठ देशात पडेलच असे नव्हते. मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने शेजारच्या इमारतीतल्या, पण दुसऱ्या कंपनीच्या, ग्राहकाला धाडलेला संदेश अमेरिकेला प्रदक्षिणा घालून येऊ शकत असे, आणि त्या प्रवासाचे भाडे परकीय चलनात भरावे लागे. २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली ती यासाठी, की देशातल्या देशात जाणाऱ्या संदेशांची देवघेव येथेच व्हावी. टपालात असला द्राविडी प्राणायाम कोणी एक दिवसही चालू दिला नसता. अष्टमीचे पत्र पूल ओलांडून रोह्याला जाताना न्यूयॉर्कचा शिक्का घेऊन आले असते, तर पोस्टमास्तरांच्या दारात दुसऱ्या दिवशी गाव उभे राहिले असते. तारेतून गेलेल्या संदेशावर शिक्का नव्हता, म्हणून कोणाला कळले नाही, इतकेच.