बरणीतला कोळी मेला होता काय?

गेल्या वर्षी आसगावहून आम्हांला एका शिक्षकांचे पत्र आले. आसगाव हे भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्याचे गाव. भोवताली धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत सहावीच्या मुलांना धुऱ्यावरच्या एका बिळाच्या तोंडाशी मोठा केसाळ कोळी सापडला. मुलांनी तो बरणीत माती घालून वर्गात ठेवला, त्याला नाकतोडे आणून दिले, नावही दिले. दीडएक महिन्याने त्याने खाणे सोडले आणि एका सोमवारी सकाळी तो उताणा पडलेला दिसला. मुलांनी शाळेमागे खड्डा करून त्याला पुरले. दोघीतिघी रडल्या. शिक्षकांनी विचारले होते, 'तो कशाने मेला आणि मुलांना मी काय सांगू?'

उत्तर लिहायला आम्ही बसलो खरे, पण आम्हांला त्याआधीचाच एक प्रश्न पडला. तो मेला होता काय? हा प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान माणसाला फार उशिरा मिळाले आहे.

अशा मोठ्या केसाळ कोळ्यांना आज टॅरँटुला म्हणतात. हे नाव इटलीतील तारांतो या शहरावरून आले. तेथे कोळी चावल्यावर नाचल्याशिवाय विष उतरत नाही, अशी शतकानुशतके समजूत होती. तो कोळी वेगळाच, लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. पुढे अमेरिकेतले मोठे केसाळ कोळी पाहून युरोपीय लोकांनी तेच नाव त्यांना चिकटवले. सुरिनाममध्ये राहून आलेल्या मारिया सिबिला मेरियन या चित्रकार विदुषीने १७०५ साली अशा कोळ्याचे चित्र छापले. त्यात तो एका चिमुकल्या पक्ष्याला खात होता. पुढच्या शतकातील काही विद्वानांनी ही थाप ठरवली. हेन्री बेट्स हा निसर्गसंशोधक ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे राहिला. त्याने असा कोळी पक्ष्याला मारताना पाहिला आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात तसे लिहिले, तेव्हा कुठे मेरियनबाईंवरचा आळ दूर झाला. त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. बेट्ससाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातील मुले अशाच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर हिंडवत होती. टॅरँटुला पाळल्याची याहून जुनी नोंद आमच्या वाचनात नाही. पाळणारी मुलेच होती, हे आसगावच्या वर्गाला कळवायला हवे!

आपल्याकडील अभ्यासाची सुरुवात मात्र बाटलीतून झाली. लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या रेजिनाल्ड पोकॉक यांनी हिंदुस्थानातून आलेले नमुने तपासून १९०० साली येथील कोळ्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. तो आजही उपयोगी पडतो. पण पोकॉक यांच्यापुढचे कोळी मेलेले होते. आंध्रातील गुत्ती येथे सापडलेल्या सुंदर निळ्या कोळ्याचे वर्णन त्यांनी १८९९ मध्ये एकाच नमुन्यावरून केले. त्यानंतर तो जिवंत आढळल्याची नोंद झाली ती थेट २००१ साली. शंभर वर्षे विज्ञानाला त्याचे शरीर ठाऊक होते, जगणे ठाऊक नव्हते. महाराष्ट्रातही हे काम अजून चालूच आहे. मुंबईच्या आरे वसाहतीतून, एवढ्या मोठ्या शहराच्या पोटातून, टॅरँटुलाची एक नवी जात २०१४ मध्ये जाहीर झाली.

कोळी कसा जगतो आणि कसा मरतो, हे कळले ते एकेका कोळ्याला दिवसेंदिवस पाहत बसलेल्या माणसांमुळे. फ्रान्समधील फाब्र हा शिक्षकी पेशातला माणूस. तारांतोच्या कोळ्याचा भाऊबंद असलेला तिकडचा लांडगा-कोळी त्याने पाळला होता. विष किती जहाल आहे हे पाहण्यासाठी एकदा त्याने चिमणीच्या पिलाला कोळी चावू दिला. पिलाचा पाय लुळा पडला. फाब्रच्या मुलींनी त्याला माश्या, पावाचा चुरा, जर्दाळूचा गर भरवला. ते जगेल असे वाटले, पण दोनतीन दिवसांत ते गेले. त्या रात्री जेवताना घरचे कोणी आपल्याशी धड बोलले नाही, हे त्याने लपवून ठेवलेले नाही. प्रयोगाच्या वहीत घरातला हा अबोला नोंदवणारा शास्त्रज्ञ आम्हांला फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाचे प्राध्यापक बेर्ग यांनी खरे टॅरँटुला वर्षानुवर्षे पाळले आणि १९५८ साली त्यांवर पुस्तक लिहिले. तिकडच्या जातीचा नर प्रौढ व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात. शेवटची कात टाकली की तो बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि काही महिन्यांत मरतो. मादी मात्र वीस वर्षांहून अधिक जगते आणि प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते. तेव्हा वाटेवर भटकताना पकडलेला कोळी बहुधा म्हातारा नर असतो. तो बरणीत मेला तर दोष बरणीचाच असतो असे नाही. आसगावचा कोळी मात्र बिळाशी सापडला होता. म्हणजे ती मादी किंवा न वाढलेले पिलू असण्याचा संभव अधिक.

आणि येथेच आमच्या मनात शंका आली. टॅरँटुला कात टाकण्याआधी कित्येक दिवस खात नाही. मग तो रेशमाचे अंथरूण विणतो, त्यावर उताणा होतो आणि तासन् तास निपचित पडून राहतो. नवखा माणूस हमखास फसतो. त्या वेळी त्याला हलवले तर पाय मोडतात. कात टाकल्यावरही त्याचे दात काही दिवस पांढरे आणि मऊ असतात. बरणीत नाकतोडा राहिला असेल तर तोच कोळ्याला कुरतडतो.

मेलेला आणि कात टाकणारा कोळी ओळखायचा तो पायांवरून. आपल्या कोपराला हात वाकवणारा एक स्नायू असतो आणि सरळ करणारा दुसरा. कोळ्याच्या पायातील दोन मोठ्या सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. पाय सरळ होतो तो आत दाबाने शिरणाऱ्या द्रवामुळे, रबरी नळीत पाणी सोडल्यावर ती ताठ होते तसा. पॅरी आणि ब्राउन यांनी १९५९ मध्ये घरातल्या कोळ्यांवर हा दाब मोजला. विश्रांतीत तो पाऱ्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर भरला, तर जोराच्या हालचालीत क्षणभर ४० पर्यंत गेला. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब याच मापाने १२ असतो. कोळी मरतो तेव्हा हा दाब जातो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. कात टाकणाऱ्याचे पाय पसरलेले असतात.

मरणाचे कारण सांगता यायला आधीचे जगणे लिहिलेले असावे लागते. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ साली झाकणाच्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या बिळांपाशी क्रमांकाच्या खुंट्या ठोकल्या. हे कोळी टॅरँटुलाचे दूरचे नातलग. सोळा नंबरच्या बिळातली मादी त्याच बिळात त्रेचाळीस वर्षे जगली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मेन यांच्या सहकारी लिआंडा मेसन तेथे गेल्या, तेव्हा बिळाचे झाकण भोकसलेले होते आणि आत मादी नव्हती. परजीवी गांधीलमाशीने घात केला होता. म्हातारपणाने मरण्याऐवजी ती अशी गेली, याचे त्या मंडळींना वाईट वाटले. २०१८ साली त्यांनी तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

आम्ही आसगावला उलट विचारले, पाय कसे होते? शिक्षकांना आठवेना. पण त्यांनी वर्गातील एका मुलीच्या वहीतले पान पाठवले. पुरण्याआधी तिने कोळ्याचे चित्र काढले होते. उताणा कोळी, आठही पाय पसरलेले, खाली पेन्सिलीने पांढुरक्या चटईसारखे काही दाखवलेले.

हा पुरावा पक्का नाही. मुले कोळी काढतात तेव्हा पाय पसरूनच काढतात. मोठी माणसेही तसेच काढतात. पण ती चटई मुलीला कुणी शिकवलेली नव्हती. आम्ही शिक्षकांना सारे खरे लिहिले: कोळी त्या सकाळी जिवंत असण्याचा बराच संभव आहे, हे तुम्हांला ठाऊक नव्हते आणि पत्र येईपर्यंत आम्हीही त्यावर कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. मुलांना ते सांगावे की नाही यावर आमच्यातच दोन मते पडली. शेवटी सांगावे असे ठरले, पण आधी ती मुलगी, जी आता सातवीत गेली आहे, तिला एकटीला बोलावून विचारावे, की चित्र तू बघून काढलेस की आठवून?